थांबलेल्या होडीचा धूर

शेवळी बंदराच्या धक्क्यावर आता पांढरे कपडे वाळत घालता येत होते. यात काय एवढं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण ज्यांनी जन्मभर ओल्या मासळीच्या वासात मिसळलेला डिझेलचा धूर गिळला, वाळत घातलेल्या बोंबलांवरची काजळी फडक्याने पुसली आणि पोरांच्या खोकल्याला हवापालट हेच औषध मानलं, त्यांना या गोष्टीचं मोल विचारावं. चार हंगामांत बंदर इतकं बदललं होतं, की बालवाडीतली पोरं चित्रातल्या होडीला धूर काढेनाशी झाली होती.

ज्या वस्तूमुळे हे झालं ती जेवणाच्या डब्याएवढी होती. इंजिनाच्या कुशीला बसवलेली ही जोडइंधन पेटी हेमांगी चोगलेने पुण्याच्या संशोधन केंद्रातल्या सहकाऱ्यांबरोबर घडवली होती. तिचं काम सांगायला सोपं होतं. बंदरात मासळीचा टाकाऊ भाग आणि समुद्री शेवाळ कुजवून गॅस तयार करायचा, तो टाक्यांत भरून होडीवर न्यायचा आणि हवेबरोबर इंजिनात सोडायचा. हा गॅस नुसता दाबला म्हणून पेटत नाही. म्हणून ऐन वेळी नोझलमधून डिझेलचा एक बारीक फवारा मारायचा. डिझेल पेटतं, ते गॅसला पेटवतं. थोडक्यात, डिझेल आता इंधन राहिलं नव्हतं, काडी झालं होतं. ती काडी केव्हा ओढायची, किती मोठी ओढायची, हे पेटी ठरवायची.

हेमांगी कोळ्याची पोर. शेवळीच्याच शाळेत शिकली, पुण्याला गेली आणि परत आली ती पेटी घेऊन, त्यामुळे बंदरावर तिचा रुबाब होता. धक्क्यावरून जाताना मासळीवाल्या तिला हटकून थांबवत आणि टोपलीतली बरी मासळी तिच्या पिशवीत कोंबत. तिलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

त्या सकाळी ती धक्क्यावरच्या गॅसपंपाची गळती तपासत होती. हातात वायुदर्शी होता. हा नवा कॅमेरा मिथेन दाखवायचा. मिथेन म्हणजे पंपातला हाच गॅस. डोळ्यांना तो दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर जांभळ्या धुरासारखा उमटतो. हेमांगीने पंपाचे सगळे सांधे पाहिले. एका झडपेपाशी जांभळी सुतळी लोंबत होती, ती तिने पान्याने आवळून बंद केली आणि समाधानाने कॅमेरा उचलला. सहज म्हणून तो समुद्राकडे फिरला.

समोर, किनाऱ्यापासून जवळच, होड्या डोलीवर थांबलेल्या होत्या. डोल म्हणजे समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं, लांबच लांब पिशवीसारखं जाळं. पाण्याची ओढ मासळीला त्याच्या तोंडात लोटते. ओढ मंदावली की जाळं वर घ्यायचं, तोवर होडीने शेजारी थांबून राहायचं. अशा दहाबारा होड्या शांतपणे डुलत होत्या. साध्या डोळ्यांना त्यांच्यावर फक्त निळं आकाश दिसत होतं.

पडद्यावर मात्र प्रत्येक होडीच्या नळकांड्यातून जांभळा लोट निघत होता. जाड, भरगच्च, वाऱ्याबरोबर पार खाडीच्या तोंडापर्यंत गेलेला. हेमांगीने भिंग पुसलं. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. लोट तिथेच होता.

*

हेमांगीचे वडील हरेश्वर चोगले 'जलमाउली'चे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. ते दुपारी मासळी उतरवून मोकळे झाले तेव्हा लेक धक्क्यावर वाट बघत उभी होती. तिचं तोंड पाहूनच त्यांनी ओळखलं, की काहीतरी बिनसलंय.

"काय गो? पंप फुटला का काय?"

"पंप नाही, बाबा. तू डोलीवर थांबतोस तेव्हा इंजीन बंद करत नाहीस ना?"

हरेश्वरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने श्वास घेतोस का म्हणून विचारलं असावं. "दर्यात इंजीन कोण बंद करतंय? स्लोवर ठेवतो. तुना ठाव नाय?"

तिला ठाऊक होतं. शेवळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बापजाद्यांच्या काळी इंजीन हातांनी फिरवून चालू करावं लागायचं. खुंटांच्या रांगेत बंद पडलेलं इंजीन वेळेवर उठलं नाही, तर ओढ होडीला खुंटावर नेऊन आपटायची. तेव्हापासून धक्का सोडल्यावर इंजीन बंद करायचं ते परत धक्क्याला लागल्यावरच. आता बटणावर चालू होणारी इंजिनं आली, तरी हात बटणाकडे जात नसे.

"किती वेळ स्लोवर असतं?"

"पाणी थांबेस्तोवर. कवा तासभर, कवा तीन. पण तुझी पेटी लय गुणाची हाय. पयल्यांदा स्लोवर धडधड करायचा, आता पाळण्यात निजल्यासारखा वाटतो. फक्त गॅसची टाकी लवकर सरते हल्ली."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचा? धक्क्यावर भरून मिळते."

हेमांगी होडीत उतरली. इंजीन चालू करून तिने स्लोवर, म्हणजे अगदी कमी रेसवर, ठेवलं आणि कॅमेरा नळकांड्यावर धरला. मग रेस वाढवली. रेस वाढली तसा जांभळा लोट विरळ झाला आणि नाहीसा झाला. रेस उतरवली, लोट परत हजर. हरेश्वर तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होते. त्यांनी तीनदा नळकांड्याकडे आणि तीनदा पडद्याकडे पाहिलं.

"हे काय हाय?"

"न जळलेला गॅस," ती म्हणाली. "डिझेल इंजीन स्लोवर असलं तरी दर खेपेला छाती भरून हवा घेतं. पण काम नसतं, म्हणून गॅस थोडाच येतो. एवढ्याशा गॅसमध्ये एवढी हवा म्हणजे पातळ ताक. काडी ओढली तर तिच्या आसपासचं तेवढं जळतं. आग पुढे सरकतच नाही. उरलेला गॅस तसाच्या तसा बाहेर."

"मग पेटीला कळत नाय?"

हाच तर प्रश्न होता. हेमांगीने लॅपटॉप जोडला आणि पेटीने आजवर काय काय शिकून ठेवलंय ते उलगडायला घेतलं. पेटी शिकणारी होती, तेच तर तिचं कौतुक. ती रोज काडीची वेळ आणि मोजमाप केसभर इकडेतिकडे करून बघायची. धूर कमी झाला, नायट्रोजनचे विषारी वायू कमी झाले, डिझेल कमी लागलं, तर तो बदल ठेवायचा, नाहीतर सोडायचा. धक्क्याला लागल्यावर सगळ्या होड्यांच्या पेट्या बिनतारी गप्पा मारत आणि एकीला गवसलेली युक्ती सगळ्यांची होई. अशा चार हंगामांत त्या सगळ्यांनी मिळून शोधून काढलं होतं, की स्लोवर असताना डिझेलची काडी जवळजवळ ओढूच नये. अर्धी विझलेली आग धूर करत नाही, विषारी वायू करत नाही, डिझेल खात नाही. तिन्ही आकडे सुंदर. चौथा आकडा त्यांना कुणी मोजायला सांगितलाच नव्हता.

का सांगितला नव्हता? न जळलेला गॅस मोजणारी चकती खाऱ्या हवेत महिन्याभरात कुजायची. आणि प्रयोगशाळेत इंजीन कामाच्या रेसवर चालवलं तेव्हा असा गॅस नगण्य निघाला होता, म्हणून ती चकती वगळली. चाचणीसाठी होडीचा दिवस कसा जातो ते हेमांगीनेच सांगितलं होतं. धक्क्यावरून डोलीपर्यंत जाणं, जाळं ओढणं, परत येणं. थांबणं तिने धरलंच नव्हतं. पुण्याच्या माणसाला डोल ठाऊक नव्हती, त्याने विचारलं असतं तरच नवल. पण हिला ती इतकी ठाऊक होती, की थांबणं हेही इंजिनाचं काम आहे असं तिला कधी वाटलंच नाही. ही चूक कोळ्याच्या पोरीलाच जमण्यासारखी होती.

*

पुण्याहून डॉ. मुळगावकर पडद्यावर आले. ते हेमांगीचे वरिष्ठ. माणूस सरळ, पण घाई केलेली त्यांना खपत नसे. त्यांनी सगळी दृश्यं दोनदा पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"स्लोवर गॅस बंद करून निव्वळ डिझेलवर चालवलं तर?"

"धूर परत येईल, सर. आणि होड्या दिवसाचा निम्मा वेळ स्लोवरच असतात."

"मग आधी उपाय शोध. मग कळवू. नुसती चूक घेऊन प्राधिकरणाच्या दारात गेलो तर काय होईल ठाऊक आहे ना?"

तिला चांगलंच ठाऊक होतं. शेवळीच्या डोली ज्या पाण्यात होत्या तो कासवांच्या विणीसाठी राखलेल्या किनाऱ्यालगतचा स्वच्छ पट्टा होता. तिथे फक्त प्राधिकरणाने स्वच्छ ठरवलेल्या होड्यांनाच मुभा होती. मुभा गेली तर डोल गेली. डोल काही खांद्यावर टाकून दुसरीकडे नेता येत नाही, खुंट जिथे ठोकले तिथेच मासेमारी. पट्टा बंद झाला तर अख्खं बंदर हातावर हात धरून बसणार होतं, आणि त्यात तिचा बापही होता.

"सर, सोमवारपासून सगळ्या किनाऱ्यावरच्या होड्यांना पेट्या बसायला लागतील."

"हो."

"बसल्या की त्या आमच्या पेट्यांकडून शिकतील. पहिल्याच दिवशी. चार हंगामांचं हे शहाणपण त्यांना आयतं मिळेल."

मुळगावकरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट," ते स्वतःशीच म्हणाले. वीस वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन हवेत उष्णता किती धरून ठेवतो, त्याचा तो आकडा होता. "आपण जेवढं वाचवलं, त्यापेक्षा जास्त सोडलं असेल."

"म्हणूनच आज कळवायला हवं. उपाय माझ्याकडे अर्धा आहे. बाकीचा अर्धा मी चार दिवसांत करते."

"आणि नाही झाला तर?"

"तर पट्टा बंद राहील, सर. पण पेट्या बसणार नाहीत."

मुळगावकरांनी चष्मा परत लावला आणि कळवतो म्हणाले.

*

मासळीच्या लिलावाची शेड दुपारी रिकामी असते. तिथे मच्छीमार सोसायटीची सभा बसली. प्राधिकरणाचा आदेश आला होता. तपासणी होईपर्यंत पट्टा बंद. सोसायटीचे चेअरमन भालचंद्र दोरकर आदेश वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता त्यांचा आवाज चढत होता. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि हेमांगीकडे बोट केलं.

"ज्याचा धूर दिसत नाय, वास येत नाय, कुणाला खोकला नाय, त्यानं कुणाचं काय गेलं? आणि तू आपल्याच बंदराची चुगली केलीस?"

शेडमध्ये कालवा झाला. परवापर्यंत तिच्या पिशवीत मासळी कोंबणाऱ्या बायकांनी तोंडं फिरवली. कुणी म्हणालं, कॅमेऱ्यात दिसलं ते कॅमेऱ्यातच ठेवायचं होतं. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिला या माणसांचा राग आला नाही, याचंच तिला नवल वाटलं. ती खुर्चीवरून उठून पुढे आली.

"काका, तुमच्या वडलांना बोंबील कधी लागणार ते दिवस मोजून सांगता यायचं. तुम्हाला सांगता येतं?"

दोरकरांनी खाली ठेवलेला कागद पुन्हा उचलला.

"पाणी तापलं. मासळी खोल गेली. ते ज्यानं तापतं, तेच आपण डोलीवर बसून सोडत होतो. धूर दिसत होता तेव्हा निदान लाज तरी वाटायची. मी गप्प बसले असते तर पट्टा राहिला असता, काका. त्या पट्ट्यात मासळी किती दिवस राहिली असती?"

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

तिने उपाय सांगितला. इंजिनाला सहा सिलिंडर. स्लोवर सहाही जण अर्धपोटी काम करतात, म्हणून कुणाचाच गॅस नीट जळत नाही. त्यापेक्षा दोघांना पोटभर द्यायचं आणि चौघांना नुसती हवा. पुढच्या फेरीला दुसरे दोघे, म्हणजे कुणी थंड पडणार नाही. पोटभर गॅस मिळालेल्या सिलिंडरात आग कोपऱ्याकोपऱ्यात पोचते. तिने या रीतीला नाव दिलं होतं आळीपाळी. धक्क्याला बांधलेल्या होडीवर तिने ती लावून पाहिली होती आणि नळकांड्यावरचा जांभळा लोट सुतळीएवढा उरला होता.

"मग अडलंय कुठं?" एकाने विचारलं.

उत्तरादाखल तिने मोबाइलवर आवाज लावला. ढक्. ढक्-ढक्. मग काहीच नाही. ढक्. ढक्-ढक्. पुन्हा पोकळी. शेडमधले तांडेल एकदम ताठ झाले, मागच्या बाकावरचा एक खलाशी तर चक्क उठून उभा राहिला.

"मिस मारतंय!" तीनचार जण एकदमच म्हणाले.

घोडं अडलं होतं ते इथेच. मिस मारणारं इंजीन म्हणजे अडकलेलं नोझल किंवा डिझेलात पाणी, म्हणजे थोड्याच वेळात बंद पडणारी होडी. हा आवाज ऐकला की विचार न करता काय करायचं, ते यांच्या हातांना पाठ होतं. प्रत्येक पेटीवर एक लाल दांडा होता. तो ओढला की पेटी बाजूला आणि इंजीन निव्वळ डिझेलवर. आळीपाळीचा आवाज आला की तांडेल लाल दांडा ओढणार, आणि धूर परत येणार. यंत्र दुरुस्त झालं होतं. माणसांच्या कानांना मात्र पान्याने आवळता येत नव्हतं.

"लंगड्या इंजिनावर मी माणसं घेऊन खुंटांत थांबू?" दोरकर म्हणाले. "तुझ्या बापाला विचार, तो थांबेल काय!"

सगळे हरेश्वरांकडे बघू लागले. ते इतका वेळ खांबाला टेकून बसले होते. लेकीने आदल्या दिवशी त्यांना हा आवाज ऐकवला तेव्हा त्यांचाही हात लाल दांड्याकडे गेला होता, आणि तिने तो धरला होता.

"मना भ्या वाटतंय," ते उभे राहत म्हणाले. "खोटं नाय सांगत. पण होडी माझी घ्या. तपासणीवाल्यांना बोलवा."

*

तपासणीच्या दिवशी 'जलमाउली' एकटीच डोलीवर गेली. हरेश्वर सुकाणूवर, दोन खलाशी जाळ्याकडे, प्राधिकरणाच्या निरीक्षक बाई मागच्या बाजूला कॅमेरा घेऊन, आणि हेमांगी इंजिनाच्या झाकणावर बसलेली. मागे धक्क्यावर अख्खं बंदर उभं होतं.

खुंटापाशी पोचल्यावर हरेश्वरांनी रेस उतरवली. सहा ठोक्यांची चाल मंदावली आणि आळीपाळी सुरू झाली. ढक्. ढक्-ढक्. पोकळी. दोघा खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या ओठांवर देवीचं नाव आलं. हेमांगीच्या बुडाखाली झाकण थरथरत होतं, मध्येच थरथरायचं थांबत होतं, आणि दर पोकळीला तिच्याही काळजाचा ठोका चुकत होता. तिला गणित ठाऊक होतं. पण गणित डोक्यात असतं आणि भीती पोटात.

निरीक्षक बाईंनी कॅमेऱ्यातून पाहत मान हलवली. लोट नव्हता.

पाणी थांबायला अजून अवकाश होता, एवढ्यात वारा फिरला. डोलीचा दोर सैल पडला, होडीचं तोंड वळलं आणि ओढीने तिला आडवं धरून पलीकडच्या खुंटाकडे ढकलायला सुरुवात केली. असं दर हंगामात पाचपन्नासदा होतं. रेस द्यायची, होडी बाहेर काढायची. पण आज खाली इंजीन लंगडत होतं. खलाशी ओरडला, "तांडेल, दांडा ओढा!" हरेश्वरांचा हात उठला. तो लाल दांड्यापाशी पोचला आणि तिथेच थांबला.

"रेस दे, बाबा," हेमांगी म्हणाली. "दांडा नको. नुसती रेस दे."

खुंट इतका जवळ आला होता, की त्याला चिकटलेली कालवं दिसत होती. हरेश्वरांनी लेकीकडे पाहिलं नाही. त्यांनी दांड्यावरचा हात काढला आणि रेसचा दांडा पुढे रेटला.

एक ठोका रिकामा गेला. दुसराही गेला. खलाशाने डोळे मिटले. आणि मग सहाच्या सहा सिलिंडर एकदम उठले. पाण्याखाली पंखा गरजला, होडीने मागचा भाग खाली दाबला आणि खुंटाला हातभर अंतरावरून सोडून ती मोकळ्या पाण्यात आली. हरेश्वरांनी रेस उतरवली, कपाळाचा घाम पुसला आणि इंजीन पुन्हा लंगडायला लागलं तेव्हा डोकं एका बाजूला कलतं करून ते ऐकत राहिले.

"हे मिस मारत नाय," ते म्हणाले. "मिस मारणारा इंजीन कसाबी चुकतो. हा मोजून चुकतोय. एक, मग दोन, मग जागा. नाचात पाय टाकतात तसा." त्यांनी खलाशाला खुणावलं. "बस इकडं. ऐक."

*

निरीक्षक बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. यंत्र ठीक आहे, पण दांडा ओढणारे हात यंत्रात मोजले जात नाहीत. तेव्हा प्रत्येक तांडेलाने आपापल्या होडीवर दांड्याला हात न लावता डोलीवर थांबून दाखवावं. जो दाखवेल त्याला पट्टा मोकळा, बाकीच्यांना नाही. सवलत नाही आणि आकसही नाही.

दोरकर तणतणले. पण दुसऱ्या दिवसापासून 'जलमाउली' रोज एकेका तांडेलाला घेऊन जायला लागली. हरेश्वर त्यांना इंजिनाच्या झाकणावर बसवत आणि ऐका म्हणत. पाणी थांबेपर्यंत परत आणत नसत. मग हेमांगी खरं मिस मारणारं इंजीन कसं वाजतं तेही एका सिलिंडराचं नोझल सैल करून ऐकवी, म्हणजे खऱ्या धोक्याला कान बहिरे व्हायला नकोत. काही जण पहिल्या दिवशीच शिकले. काहींनी दांडा ओढला, शिव्या घातल्या आणि पुन्हा आले. एकाने निक्षून नकार दिला आणि पट्टा सोडून खोल पाण्यात जाळी टाकायला लागला. हेमांगी त्याच्या घरी गेली तेव्हा त्याने तिला चहा दिला, पण पेटीचा विषय काढू दिला नाही. सर्वांत शेवटी दोरकर आले. झाकणावर डोळे मिटून बसले आणि उठताना एवढंच म्हणाले, की नाचाच्या तालात ताशा जरा कमी पडतोय.

पेट्या आता चौथा आकडाही मोजत होत्या. खाऱ्या हवेत न कुजणारी चकती मिळाली नव्हती, म्हणून कुजकी चकती दर महिन्याला बदलायची असं ठरलं. ते काम सोसायटीच्या बायकांनी अंगावर घेतलं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या होड्यांसाठी मुळगावकरांनी नवी तारीख धरली होती. त्याआधी होडीचा दिवस पुन्हा, पहिल्यापासून मांडायचा होता. या वेळी हेमांगीने स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवला नाही. ती वडलांना घेऊन धक्क्यावर बसली आणि म्हणाली, उठल्यापासून सगळं सांग, क्षुल्लक वाटेल तेही.

हरेश्वरांनी सांगितलं. इंजीन तापवायला किती वेळ लागतो, कुठे रेस सोडायची, गाळात पंखा कसा फिरवायचा. ती विचारत गेली, ते सांगत गेले. मधूनच त्यांना आठवायचं, की हे तर सांगितलंच नाही, आणि दोघं हसायची. खाडीच्या तोंडाशी होड्या थांबल्या होत्या. त्यांचा लंगडा ताल पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होता आणि आता त्यानं कुणी दचकत नव्हतं.

"झालं सगळं?" तिने शेवटी विचारलं.

हरेश्वरांनी होड्यांकडे पाहिलं. "मना आठवलं तेवढं झालं," ते म्हणाले. "पेटी काय, सांगितलेलं सगळं शिकेल. इमानदार हाय ती. पण पोरी, जे आमाना येवढं ठाव हाय का बोलायचं सुचतच नाय, ते तू कुणाला इचारशील?"